पार्टीसाठी इटालियन डेली सँडविचचे चौकोन: वरून खरपूस, खालून कोरडे

इटालियन डेली (मांसाचे काप, चीज आणि सँडविच विकणारं दुकान) सँडविचचे भाजलेले चौकोन करायला फारसं कसब लागत नाही. पिठाचे दोन थर, मध्ये सलामी, हॅम, चीज, भाजलेली लाल ढब्बू मिरची. ट्रे ओव्हनमध्ये गेला की काम संपलं. तरी पुष्कळदा काय होतं, तर वरून रंग सुरेख येतो आणि खालचा थर मात्र गिच्च राहतो. दोष पिठाचा नसतो, पाण्याचा असतो. मिरचीतलं पाणी, ताज्या मोझरेलातलं पाणी, बरणीतल्या ऑलिव्हला चिकटलेलं पाणी. म्हणून या पाककृतीत मापापेक्षा कोरडेपणाकडे जास्त लक्ष द्यायचं.

मूळ सँडविच अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांच्या दुकानांतलं. फिलाडेल्फियात त्याला होगी म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये हिरो. लांब पावात कोल्ड कट्स (सलामी, हॅमसारखे थंडच खायचे मांसाचे काप), प्रोव्होलोन चीज, कांदा, टोमॅटो, लेट्यूस आणि वरून तेल-व्हिनेगर. हेच सगळं जसंच्या तसं ओव्हनमध्ये घालायचं नाही. भाजल्यावर लेट्यूसचा चोथा होतो आणि टोमॅटो पाणी सोडतो, त्यामुळे या दोन गोष्टी भाजण्यातून बादच. आंबटपणा हवा तर तो व्हिनेगरच्या लोणच्यातल्या मिरच्यांतून आणि ऑलिव्हमधून आणायचा.

साहित्य

२३ बाय ३३ सेंटिमीटरच्या, म्हणजे ९ बाय १३ इंची ट्रेसाठी. यात २४ चौकोन होतात. इतर खाणं असेल तर माणशी दोन पुरतात, हेच मुख्य जेवण असेल तर तीन धरा.

पिठासाठी: मैदा ३६० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, कोमट दूध १२० मिली, कोमट पाणी ९० मिली, ऑलिव्ह तेल ३० मिली.

सारणासाठी: प्रोव्होलोनचे पातळ काप २०० ग्रॅम, शिजवलेलं हॅम १५० ग्रॅम, सलामी १०० ग्रॅम, मोर्ताडेला (मऊ इटालियन सॉसेजचे काप) १०० ग्रॅम, मोठ्या लाल ढब्बू मिरच्या २, लोणच्यातल्या पेपरोंचिनी मिरच्या ६-७, बिनबियांची ऑलिव्ह मूठभर, अंडी २, किसलेलं पार्मेझान चीज ४० ग्रॅम.

वरून लावायला: १ अंडं, चमचाभर दूध, वाळलेला ओरेगॅनो, पांढरे तीळ.

पिठात मीठ मुद्दाम कमी ठेवलं आहे. सलामी, पार्मेझान आणि ऑलिव्ह तिन्ही खारट. अंड्यात तर मीठ अजिबात घालू नका.

पीठ मळायला वेळ नसेल तर क्रेसेंट रोलच्या तयार पिठाचे दोन डबे चालतात. अमेरिकेत बहुतेक जण तेच वापरतात. ते पीठ गोडसर आणि लोण्याच्या चवीचं असतं, चौकोन मऊ होतात. घरी मळलेल्या पिठाला पावाची खरी चव येते आणि ते सारणाचं वजनही नीट पेलतं. मला घरी मळलेलंच आवडतं.

आदल्या दिवशी

मिरच्या आदल्या दिवशीच भाजा. ओव्हन २२० अंश सेल्सियसवर ठेवून अख्ख्या मिरच्या २५ ते ३० मिनिटं भाजायच्या, मध्ये एकदा उलटायच्या. साल काळी पडून सुटायला लागली की भांड्यात घालून झाकण ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी वाफेने साल सहज निघते. साल आणि बिया काढताना मिरची नळाखाली धरायचा मोह होतो, तो टाळा. त्याने चव धुऊन जाते, शिवाय नको असलेलं पाणी परत आत जातं. बोटभर रुंद पट्ट्या कापून चाळणीत रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवा. सकाळी चाळणीखालच्या भांड्यात जमलेला रस पाहिलात की हे का सांगितलं ते कळेल. बरणीतल्या भाजलेल्या मिरच्या वापरणार असाल तर त्याही अशाच निथळायच्या आणि नंतर किचन टॉवेलमध्ये दाबून टिपायच्या.

पीठही आदल्या रात्री मळून ठेवता येतं. कोरडे जिन्नस एकत्र करा, दूध, पाणी आणि तेल घाला आणि आठ-दहा मिनिटं मळा. गोळा गुळगुळीत आणि जरासा चिकट राहायला हवा. हाताला लागतंय म्हणून वरून मैदा ओतत बसलात तर थर कडक होईल. तेल लावलेल्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि पिठाला चव चढते. लाटण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, नाहीतर पीठ लाटताना आकसत राहतं. त्याच दिवशी करायचं असेल तर उबदार जागी तास-दीड तासात गोळा दुप्पट होतो.

थर लावणं

ओव्हन २०० अंशांवर तापायला ठेवा, जाळी खालच्या भागात. ट्रेमध्ये बेकिंग पेपर असा अंथरा की दोन बाजूंनी तो बाहेर लोंबेल. पुढे सगळा पदार्थ एकदम उचलायला तेच हँडल. ट्रे शक्यतो धातूचा घ्या. काच उशिरा तापते आणि खालच्या बाजूला रंग यायला वेळ लागतो.

पिठाचे दोन भाग करा, एक थोडा मोठा. मोठा भाग लाटून ट्रेच्या तळाला आणि कडांवर बोटभर वर येईल असा बसवा. काट्याने सगळीकडे टोचा आणि नुसताच ८ मिनिटं भाजा. रंग यायला नको, फक्त ओलसर चमक जायला हवी. काचेचा ट्रे असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग खालचा थर गिच्च झाला म्हणतात. बाहेर काढून दहा मिनिटं निवू द्या, ओव्हन १८० अंशांवर आणा.

आता क्रम. तळाला प्रोव्होलोनचे निम्मे काप, एकमेकांवर जरा चढवून. चीज वितळून पाव आणि सारण यांच्यात एक स्निग्ध पडदा तयार करतं, त्यातून ओल खाली उतरायला वेळ लागतो. त्यावर हॅम, मग सलामी. मिरच्यांच्या पट्ट्या, पेपरोंचिनी आणि चिरलेली ऑलिव्ह मधोमध, म्हणजे त्यांची ओल दोन्ही पावांपासून दूर राहते. लोणच्याचे जिन्नसही आधी टॉवेलवर टिपून घ्या. त्यावर मोर्ताडेला आणि शेवटी उरलेलं प्रोव्होलोन.

काप कागदासारखे पातळ हवेत. जाड काप असला की पहिल्याच घासाला सलामीचा अख्खा तुकडा ओढला जातो आणि पाहुण्याच्या हातात रिकामा पाव उरतो. मोठे काप असतील तर त्यांचे चार भाग करून पसरा. पेपरोनी (तिखट सलामी) घालायची असेल तर थोडीच घाला, ती तापल्यावर बरीच चरबी सोडते.

दोन अंडी पार्मेझानबरोबर फेटून वरून सगळीकडे सारखी ओता आणि ट्रे हलकेच हलवा, म्हणजे मिश्रण फटींत शिरेल. काही पाककृतींत पाच-सहा अंडी असतात. तितकी घातली की सँडविच राहत नाही, अंड्याचा केक होतो. इथे अंडं फक्त थर धरून ठेवायला आहे, दोन भरपूर.

उरलेलं पीठ लाटून वर पसरा, खालच्या थराच्या कडांना दाबून चिकटवा. सुरीने सात-आठ चिरा द्या. आत कोंडलेली वाफ बाहेर पडली नाही तर वरचा थर फुगून सारणापासून सुटतो आणि कापताना टोपीसारखा निघून येतो.

भाजणं आणि कापणं

तेल लावलेली फॉइल ट्रेवर सैल झाका आणि १५ मिनिटं भाजा. फॉइल काढा, दुधात फेटलेलं अंडं ब्रशने लावा, ओरेगॅनो आणि तीळ भुरभुरा, पुन्हा १८ ते २० मिनिटं भाजा. अंडं आधीच लावलंत तर फॉइल त्याला चिकटते. प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी, त्यामुळे घड्याळापेक्षा रंगावर आणि तापमानावर भरवसा ठेवा. वरचा भाग गडद सोनेरी दिसायला हवा आणि मधल्या सारणात थर्मामीटर निदान ७१ अंश दाखवायला हवा, कारण आत कच्चं अंडं गेलं आहे. थर्मामीटर नसेल तर मधली चीर जरा उघडून पाहा, अंडं पातळ दिसलं तर आणखी पाच मिनिटं.

बाहेर काढल्यावर लगेच कापू नका. २० मिनिटं थांबा. गरम चीज वाहतं, थोडं निवलं की थर जागच्या जागी बसतात. मग बेकिंग पेपर धरून सगळं जाळीवर उचलून घ्या. ट्रेमध्येच राहू दिलं तर खाली वाफ धरते आणि इतकी मेहनत करून कोरडा ठेवलेला तळ ओला होतो. दातेरी सुरीने लांबीत सहा आणि रुंदीत चार भाग करा. सुरी दाबायची नाही, करवतीसारखी पुढेमागे चालवायची. दर दोन-तीन कापांनी पाती पुसा.

सोबत लेट्यूस, टोमॅटोच्या फोडी आणि ऑलिव्ह तेल-व्हिनेगर वेगळ्या वाडग्यांत ठेवा. मूळ सँडविचमधून गाळलेला ताजेपणा असा ताटात परत येतो.

बिनमांसाचे

मांस नको असेल तर वांग्याचे आणि झुकिनीचे काप तेल लावून ओव्हनमध्ये आधी भाजून घ्या. मशरूम तव्यावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. बरणीतले आर्टिचोक पिळून घ्या. भाज्यांत मांसापेक्षा पाणी जास्त, म्हणून इथे निथळण्यात जरासुद्धा कसूर नको. मांसातून येणारा खारटपणा आता नसेल, तेव्हा भाज्यांना मीठ लावा. आणि एक लक्षात असू द्या: अस्सल पार्मेझानमध्ये, म्हणजे पार्मिजानो रेज्जानोत, वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं. कडक शाकाहारी पाहुणे असतील तर शाकाहारी रेनेट लिहिलेलं कठीण चीज आणा. अंडंही चालत नसेल तर ते सरळ वगळा आणि चीज ५० ग्रॅम वाढवा, वरून दूध लावा. थर थोडे सैल राहतील, बाकी काही बिघडत नाही.

उरले तर

मांस, अंडं आणि चीज असल्यामुळे चौकोन दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. पार्टी लांबणार असेल तर अर्धेच मांडा, बाकीचे फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. परत गरम करताना १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं, फॉइल न झाकता. मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळतं पण पाव चिवट होतो. गोठवायचे असतील तर पूर्ण गार झाल्यावर एकेक चौकोन वेगळा गुंडाळा, म्हणजे हवे तेवढेच काढता येतात. ते गरम करताना पहिली दहा मिनिटं फॉइल झाकायची, मग काढून मध्यापर्यंत कढत होईतो ठेवायचे.