मुंबई–लंडन: तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. जाताना साधारण दहा तास लागतात, येताना तासभर कमी. कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

घोळ होतो तो तिकिटामुळे. त्यावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची असते. समजा, जानेवारीत दुपारी 2ला निघून संध्याकाळी 6.30ला उतरलात. साडेचार तासांत लंडन? छे! त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे खरे दहा तास. परतीला तेवढेच वजा करायचे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारच तासांचा धरा.

आई-बाबा एकटे जाणार असतील तर हा हिशोब कागदावर लिहून द्याच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारताना खरे तास सांगावे लागतात. आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.