दौलताबाद उतरताना बघा

पाहुणे आले की किल्ला दाखवायचं काम आमच्याकडे माझंच, म्हणून सांगते: आधी शेंड्यावर जा, महाल उतरताना बघा. लोक खाली फोटो काढत सकाळ घालवतात, ऐन उन्हात चढायला लागतात आणि निम्मे अर्ध्यातून माघारी फिरतात.

छत्रपती संभाजीनगरहून किल्ला 15 किलोमीटर. कन्नडकडे जाणारी लालपरी दारातच सोडते. सकाळी दार उघडायच्या वेळेला पोचा. पाण्याची बाटली हवीच. खाऊची पिशवी मात्र झाकून ठेवा, वानरं टपलेलीच असतात.

खंदक ओलांडला की अंधारी. कातळात कोरलेला वळणावळणाचा बोगदा, वटवाघळांचा उग्र वास. शत्रूनं आत चाचपडत राहावं म्हणूनच तो असा केलाय. टॉर्च छताकडे नको, पायापुढे धरा. पायऱ्या उंचसखल आहेत. पुढं बारादरीच्या सज्जात मनसोक्त बसा. अगदी वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. एकनाथांचे हे गुरू इथले किल्लेदार होते. आमच्या पैठणकडचे पाहुणे तेवढ्यासाठी गुडघे दुखत असले तरी चढतात.

आता उतरा. चिनी महाल लांबून नुसती पडकी भिंत वाटतो. जवळ जाऊन निळ्या-पांढऱ्या फरशांचे उरलेले तुकडे शोधा, मुलांना हे काम फार आवडतं. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबानं शेवटचा कुतुबशहा, अबुल हसन तानाशाह, याला इथंच कोंडलं. तो पुन्हा सुटला नाही. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे; मेंढ्याचं तोंड तिच्या मागच्या टोकाला आहे, बरेच जण पुढूनच फोटो काढून निघतात.

चांदमिनार पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. वर जाता येत नाही, खालूनच बघायचा. माझा जीव मात्र समोरच्या भारतमाता मंदिरात रमतो. खांब जुन्या देवळांचे, त्यांवर खिलजी काळात उभी राहिलेली मशीद, आणि निजामाचं राज्य गेल्यावर तिथं बसवलेली भारतमाता. मराठवाड्याचा सगळा इतिहास एकाच छपराखाली! इथं घाई करणाऱ्या पाहुण्याला मी पुन्हा आणत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आलात तर बाहेर टोपलीतली सीताफळं घ्या. डोळे उघडलेली पण कडकच निवडा, मऊ घेतलीत तर घरी पोचेपर्यंत पिशवीत लगदा होतो.