घरच्या घरी कुरकुरीत ऑनियन रिंग्स आणि सोबत गार लसूण डिप

ऑनियन रिंग्स घरी करताना सगळ्यांचा प्रॉब्लेम एकच असतो, पहिला घास घेतला की कांदा सुळकन बाहेर येतो आणि हातात नुसतं पोकळ कव्हर राहतं. यात पिठाचा दोष कमी, कांद्याचा जास्त.

आधी डिप करून फ्रीजमध्ये टाका कारण ते गारच छान लागतं. अर्धी वाटी चक्का (दही फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगायचं), २ चमचे मेयोनीज, लसणाची एक मोठी पाकळी ठेचून, पाव चमचा लाल तिखट, मीठ, चिमूटभर साखर, थोडं लिंबू. चक्क्याऐवजी साधं दही घेऊ नका, पाणी सुटतं आणि डिपची कोशिंबीर होते.

आता कांदे. दोन मोठे, गोल आणि घट्ट बघून घ्या, उन्हाळी कांदा मिळाला तर बेस्ट कारण त्यात पाणी कमी असतं. करंगळीएवढ्या जाड, म्हणजे साधारण १ सेंमीच्या चकत्या करा आणि हलक्या हाताने रिंगा सुट्या करा. प्रत्येक रिंगेच्या आतल्या बाजूला एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, नखाने टोक उचललं की सरकन निघतो, तो काढायचाच. तो गुळगुळीत असतो म्हणून त्याच्यावर पीठ धरत नाही, शिवाय तळल्यावर तो चिवट होतो आणि दातात अडकून अख्खा कांदा ओढून आणतो. वेळ लागतो पण खरी मेहनत इथेच आहे, बाकी सगळं सोपं आहे. मग रिंगा १५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा म्हणजे उग्रपणा कमी होतो, आणि नंतर सुती कपड्यावर पसरून अगदी कोरड्या पुसा. कांद्याला आधी मीठ लावायचं नाही, पाणी सुटेल.

पिठासाठी १ वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड, आणि लागेल तसं फ्रीजमधलं गार पाणी किंवा साधं सोडा वॉटर, साधारण पाऊण वाटी. चमच्याच्या पाठीवर जाडसर थर राहिला पाहिजे. फार फेटत बसू नका, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात, जास्त घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि रिंगा कुरकुरीत न होता वातड होतात.

एका ताटलीत कोरडा मैदा, मध्ये हे पीठ, तिसरीत ब्रेडक्रम्स (शिळा ब्रेड भाजून मिक्सरला फिरवला तरी झालं). रिंग आधी कोरड्या मैद्यात, मग पिठात, जास्तीचं निथळू द्या, मग क्रम्समध्ये. एक हात कोरड्याला आणि एक ओल्याला ठेवा, नाहीतर बोटांवरच भजी होतात. सगळ्या रिंगा १० मिनिटं तशाच ठेवल्या की आवरण नीट बसतं.

तेल मध्यम आचेवर १७५ ते १८० डिग्री. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, जरा खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला पाहिजे, तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे आणि टाकल्या टाकल्या लाल झाला तर गॅस कमी करा. एका वेळी चार-पाचच टाका, कढई भरली की तेल गार होतं आणि रिंगा तेल पितात. दोन-तीन मिनिटांत एकदा उलटून सोनेरी झाल्या की काढायच्या, आणि त्यासुद्धा पेपरवर नाही तर जाळीवर किंवा चाळणीत, पेपरवर खालून वाफ धरते आणि पाच मिनिटांत मऊ पडतात. वरून मीठ आणि थोडा चाट मसाला गरम असतानाच.

आतल्या एकदम छोट्या रिंगा आणि तुटलेले तुकडे उरलेल्या पिठात कालवून, मिरची-कोथिंबीर घालून शेवटच्या घाण्यात सोडा. पाहुणे येणार असतील तर क्रम्स लावलेल्या रिंगा ताटात सुट्या सुट्या फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाल्या की डब्यात भरा, आणि तळताना बाहेर काढून न ठेवता तशाच गोठलेल्या तेलात सोडा, फक्त एका वेळी तीनच.