कॅम्पबेल रिव्हर ते अलर्ट बे: स्वतःच्या बोटीने निघण्याआधी

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर भागाला लागून कॉर्मोरंट नावाचं छोटं बेट आहे. अलर्ट बे हे गाव त्यावरच वसलेलं. कॅम्पबेल रिव्हरहून पाण्यातून अंतर साधारण 80 सागरी मैल. सामान नंतर भरा, आधी प्रवाहाचा तक्ता उघडा. कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्याच्या भरती-ओहोटी तक्त्यांचा सहावा खंड इथला. त्यातल्या वेळा प्रमाणवेळेत असतील तर उन्हाळी वेळेसाठी एक तास मिळवावा लागतो. तो विसरलात की वाटेतल्या सीमोर नॅरोज या चिंचोळ्या सामुद्रधुनीला चुकीच्या वेळी पोचलातच.

सीमोरला प्रवाह 15 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. तिथला रिपल रॉक 5 एप्रिल 1958 रोजी सुरुंगाने उडवला. खडक गेला, भोवरे राहिले. इथे भरती दक्षिणेकडे वाहते आणि ओहोटी उत्तरेकडे. म्हणून उत्तरेला जाणाऱ्याने भरती संपत असताना तोंडाशी पोचायचं आणि पाणी थांबलं की पार व्हायचं. मग ओहोटी मागून ढकलते. उधाणात पाणी थांबतं ते जेमतेम काही मिनिटं, तेव्हा तारीख आपल्या हातात असेल तर भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी सौम्य असते ते दिवस धरा. लवकर पोचलात तर मेन्झीज बेमध्ये थांबा. मोठी प्रवासी जहाजंही हीच वेळ साधतात, त्यामुळे व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) 71 नंबरचा चॅनेल ऐकत राहा आणि आपत्कालीन 16 चालू ठेवा.

खरी परीक्षा पुढे, जॉनस्टन सामुद्रधुनीत. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा चढतो आणि सकाळी मदत करणारी ओहोटी त्याच वाऱ्यावर जाऊन आदळते. लाटा फार उंच नसतात, पण आखूड आणि उभ्या. बोटीची नाळ (पुढचं टोक) एकीतून वर येते न येते तोच दुसरीत घुसते. म्हणून एका दिवसात पोचायचा हट्ट नको. पहिला मुक्काम कॅनिश बे किंवा पोर्ट नेव्हिलला टाका आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. फॅनी आयलंडच्या केंद्रावरचा वारा रेडिओवर ऐका. 20 नॉटच्या पुढे असेल तर नांगर उचलूच नका.

डिझेलचा हिशेब अंतरावर नको, तासांवर करा. 7 नॉटने जाणारी बोट तासाला 10 लिटर खात असेल तर 80 मैलांना साडेअकरा तास, म्हणजे 115 लिटर. सगळी वाट 3 नॉटचा उलटा प्रवाह लागला तर तोच प्रवास 20 तासांचा आणि 200 लिटरचा. इतकं दुर्दैव सहसा येत नाही, पण टाकी या आकड्यावर भरा. लाटांत बोट हेलकावली की टाकीच्या तळाचा गाळ उठतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नको तिथे बंद पडतं. मुख्य फिल्टरची दोन आणि इंजिनवरच्या फिल्टरची दोन एलिमेंट (आतल्या बदलायच्या जाळ्या), पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक), पट्टा, क्लॅम्प आणि तेल जवळ ठेवा. फिल्टर बदलून इंधनाच्या नळीतली हवा काढायची तालीम धक्क्यावरच करून घ्या.

पाण्यात उभे तरंगणारे ओंडके असतात. वर दिसतं ते वीतभर टोक, म्हणून अंधारात प्रवास टाळा. केल्पचे (लांब समुद्री शेवाळाचे) पट्टे दिसले की खाली उथळ खडक समजा, शिवाय ते पंख्याला गुंडाळतात आणि इंजिनाच्या पाण्याची जाळी बंद करतात. ऑगस्टात धुकं धरतं. रडार हवंच, भोंगाही हवा, चालत्या मोटारबोटीने दर दोन मिनिटांच्या आत एकदा तो लांब वाजवायचा. पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं. लाइफ जॅकेट कपाटात ठेवून उपयोग नाही, अंगावर हवं.

नांगराचं गणित असं: टाकताना खोली 6 मीटर, पाणी अजून 4 मीटर चढणार, नाळेची उंची दीड मीटर, बेरीज साडेअकरा, पाचपट म्हणजे साखळी-दोर मिळून जवळपास 60 मीटर सोडायचा. पाणी किती उतरणार तेही पाहा, नाहीतर पहाटे बोट तळाला टेकते.

वाटेत दक्षिण किनाऱ्यावर रॉब्सन बाइट हा उपसागर लागतो. ओर्का (किलर व्हेल) तिथे गोट्यांवर अंग घासतात. राखीव क्षेत्रात बोट न्यायची नाही, मधोमधून जा. नकाशे घ्याल तेव्हा 3539, 3544, 3545 आणि 3546 हे अंक तपासा. मोटारबोट चालवणाऱ्याकडे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं. व्हँकूव्हरला पाहुणे आलेल्या नातेवाइकांच्या हाती सुकाणू देण्याआधी त्यांना कोणते नियम लागू होतात ते बघून घ्या.

गावाच्या बंदरात शिरण्याआधी दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा) आणि दोर लावून ठेवा, कारण गर्दीत दुसऱ्या बोटीला खेटून बांधावं लागतं. डिझेलसाठी समोरचं पोर्ट मॅकनील धरा. गावातल्या उमिस्ता सांस्कृतिक केंद्रासाठी अर्धा दिवस राखा: 1921 च्या पॉटलॅचनंतर (पॉटलॅच म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा भेटी वाटण्याचा समारंभ) सरकारने जप्त केलेले आणि पुढे परत मिळालेले मुखवटे तिथे आहेत. इथल्या मूळ रहिवासी नामगिस लोकांच्या दफनभूमीतले टोटेम (कोरीव लाकडी) खांब रस्त्यावरूनच पाहायचे, आत पाऊल टाकायचं नाही.