'लाइक' दिसलं की सिमिली? इंग्रजी साहित्याच्या संज्ञा शिकताना या चुका टाळा

शाळेत मराठी व्याकरण शिकताना आपण एक युक्ती पाठ केलेली असते: 'सम, सारखा, परी' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा. खूण शोधायची, नाव ठोकायचं, गुण घ्यायचे. हीच सवय इंग्रजीच्या पेपरात घात करते.

'शी लुक्स लाइक हर मदर' या वाक्यात 'लाइक' आहे, पण सिमिली, म्हणजे आपली उपमा, नाही. मुलगी आईसारखी दिसते, ही साधी माहिती झाली. सिमिलीसाठी दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी शेजारी याव्या लागतात. रॉबर्ट बर्न्सने प्रेमाला लाल गुलाबासारखं म्हटलं तसं. 'अ‍ॅज' ही सिमिलीची दुसरी खूण तर आणखी फसवी. त्याचा अर्थ कधी 'कारण' असतो, कधी 'तेव्हा'. शिवाय आपली उत्प्रेक्षा म्हणजे मेटाफर असं समजू नका. 'अ‍ॅज इफ' लावून केलेली कल्पना इंग्रजीत बहुधा सिमिलीतच धरतात. मेटाफरला जवळचं आपलं रूपक, पण रूपककथा म्हटलं की ती अ‍ॅलेगरी होते.

अ‍ॅलिटरेशनमध्ये डोळा फसवतो. 'शुगर' आणि 'सॉल्ट' दोन्ही एस्‌ने सुरू होतात, तरी तिथे अनुप्रास नाही. उलट 'फोन' आणि 'फिश' यांची अक्षरं वेगळी, पण ध्वनी एकच, म्हणून तिथे आहे. शंका आली तर ते शब्द देवनागरीत लिहून बघा. आपली लिपी इथे फुकटची शिकवणी देते, कारण ती उच्चार लिहिते, स्पेलिंग नाही.

सगळ्यात जास्त हाल आयरनीचे. वाईट योगायोग म्हणजे आयरनी नव्हे. सहलीच्या दिवशी पाऊस आला तर ते दुर्दैव. अग्निशमन केंद्रालाच आग लागली तर आयरनी, कारण तिथे अपेक्षा आणि घटना एकमेकींच्या उलट गेल्या. ड्रामॅटिक आयरनी त्याहून वेगळी: प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं. ज्युलिएट औषधाने फक्त झोपली आहे हे आपल्याला ठाऊक असतं, रोमिओला नसतं, आणि तो विष घेतो. सार्कॅझम म्हणजे टोमणा. त्यात कुणाला तरी बोचायचं असतं. आयरनीत बोचलंच पाहिजे असं नाही.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी या जोडीला मुलं उगाच घाबरतात. 'घरात खाणारी तोंडं सहा' म्हणताना आपण माणसाच्या एका अवयवावरून अख्खा माणूस धरतो, ही सिनेकडकी. 'गादीशी बेइमानी' म्हणताना गादी हा राजाचा अवयव नसतो, ती नुसती त्याच्याशी जोडलेली वस्तू असते. ही मेटॉनिमी. इंग्रजीतलं 'द क्राउन' याच घरचं.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स एकच समजू नका. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं, पण छंद पक्का असतो: प्रत्येक ओळीत साधारण दहा उच्चारखंड (सिलॅबल), पाच आघात. मिल्टनचं 1667 चं 'पॅरडाइज लॉस्ट' असंच लिहिलेलं आहे. फ्री व्हर्स म्हणजे आपला मुक्तछंद; त्याला ठरलेलं मापच नसतं.

कवितेतला 'आय' म्हणजे कवीच, हीसुद्धा नेहमीची घसरण. ब्राउनिंगच्या 1842 च्या 'माय लास्ट डचेस'मध्ये बोलतो तो एक सरदार, आणि बायकोचं काय झालं असावं याचा सुगावा त्याच्याच बढाईतून लागतो. ती मतं ब्राउनिंगच्या नावावर खपवली तर कविताच हातची गेली. उत्तरात 'कवी म्हणतो' ऐवजी 'निवेदक म्हणतो' लिहा.

शेवटची चूक मात्र हुशार मुलांची. 'इथे पर्सॉनिफिकेशन (निर्जीवाला माणसासारखं वागवणं) आहे' असं लिहून ती थांबतात. समजा ओळ आहे 'द स्ट्रीट स्वॉलोड हिम'. ते पर्सॉनिफिकेशन की मेटाफर, यावर वाद होऊ शकतो, कारण गिळणं फक्त माणूसच करतो असं नाही, जनावरही करतं. मी तरी कुठल्याही एका नावासाठी गुण कापणार नाही. पुढचं वाक्य मात्र शोधेन: रस्त्याला तोंड फुटलं, माणूस घासाएवढा झाला, आणि गिळलेला घास परत येत नाही.