बाहेर राहून गावचा कारभार कसा बदलवायचा

राजेहो, पुण्यात, हैदराबादेत, दुबईत, अमेरिकेत असलेल्या आपल्या पोरांसाठी हे लिहून राहिलो. मी गावातच असतो, यवतमाळ जिल्ह्यात, अन् निवडणूक लागली की तुमचे फोन येतात, दादा कोण उभं आहे, किती पाठवू. पैसे पाठवू नका. मागच्या बारीले पोरांनी वर्गणी करून एक चांगला माणूस निवडून आणला, सहा महिन्यांत तोही ठराव परस्पर लिहून सह्या घ्यायला लागला, काऊन की त्याले विचारणारं गावात कोणी तयारच केलं नव्हतं.

आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत गेले, इंग्रजांचं राज्य उलथवायला तिकडच्या भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीत होते, 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून तिचा पेपर निघाला तो देशोदेशी पोहोचला. 1914 मध्ये शेकडो लोक लढायला परत आले, पण इकडच्या गावांची तयारी नव्हती, 1915 चा उठाव फितुरीनं फुटला. म्हणून म्हणतो, गावातली माणसं आधी.

सुरुवात हिशोबापासून करा. ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर गावचा आराखडा अन् वित्त आयोगाच्या निधीचा खर्च कुठूनही दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट लगेच गावच्या ग्रुपवर टाकू नका, नुसतं भांडण लागते, आधी दोन माणसांना फोन करून ती नाली, तो हातपंप जागेवर हाये का पाहून यायला सांगा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोस्टानं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागते, नाही आलं तर पहिलं अपील. हा अर्ज तुम्हीच करा. गावातल्यानं केला तर घरकुलाच्या यादीतून त्याचं नाव गळते, धुऱ्यावरून वाद उकरल्या जाते, अन् तुम्ही दूर असता. पण मायबाप गावात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय नको, राग त्यांच्यावर निघते.

मग ग्रामसभा. खरी ताकद इथंच आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावानं 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं अन् 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तेही ग्रामसभेच्याच जोरावर. वर्षातून चार तरी सभा व्हाव्याच लागतात, कोरम, म्हणजे सभेले लागणारी कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. कोरम नाही भरला की सभा तहकूब, अन् तहकूब सभेले कोरम लागत नाही, मग पाच-सात जण बसून काय वाटेल ते मंजूर करतात. पहिल्याच सभेत माणसं बसवणं हेच तुमचं काम. 15 ऑगस्टच्या सुमारास बाया निंदणात असतात, तुमची माय, काकू, वहिनी, सगळ्यांना आदल्या दिवशी फोन करा, अन् महिलांची सभा वेगळी व्हावी लागते हे त्यांना सांगा, बहुतेकींना माहीतच नाही. एक प्रश्न कागदावर लिहून द्या, एकच, अन् त्याचं उत्तर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घ्यायला सांगा.

मतदानाचं थोडक्यात. नाव एकाच ठिकाणी ठेवा, पुण्यातही अन् गावातही ठेवलं तर तो गुन्हा आहे. परदेशात असाल अन् पासपोर्ट भारताचा असेल तर फॉर्म 6अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लागते, पण मत द्यायला स्वतः यावं लागते.

शाळेसाठी, वाचनालयासाठी पैसे द्यायचे असतील तर भारताचा नागरिक आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तो विदेशी पैसा धरल्या जाते, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाले मिळणारं) असलं तरी, तेव्हा संस्थेकडं असा पैसा घ्यायची परवानगी आहे का ते आधी विचारा.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. लागली की मी फोटो टाकतो, तुम्ही त्याच रात्री घरी फोन लावा.