मायक्रोकंट्रोलरला बटण जोडताना

सामानाची यादी छोटी आहे: अर्डुइनो ऊनो आर३ बोर्ड (मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी चिप, याच्यावरच असते), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी), जंपर वायर, पाच-सहा टॅक्ट स्विच (दाबायची छोटी बटणं), दोन-चार एलईडी आणि २२० ओहमचे रेझिस्टर. नाशिकच्या एमजी रोडला मिळालं तर ठीक, नाहीतर ऑनलाइन मागवा. सदतीस सेन्सरवालं किट मात्र घेऊ नका. त्यातले तीस सेन्सर ड्रॉवरमध्येच म्हातारे होतात. बोर्ड स्वस्तातली कॉपी असेल तर तिच्यावर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर टाका. एवढं करूनही कॉम्प्युटरला पोर्ट दिसत नसेल तर बोर्डाला शिव्या देण्याआधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधलं 'ब्लिंक' हे तयार उदाहरण बोर्डावर चढवा. बोर्डावरचा, १३ नंबरच्या पिनचा दिवा लुकलुकला की पुढे चला.

आता बटण. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग करतो. आमच्याकडे बटण म्हणजे २२ मिलिमीटरचं, हिरवं नाहीतर लाल. कॉन्टॅक्ट उघडा असेल तर कॉइलला सप्लाय नाही, विषय संपला. हाच हिशेब मी मायक्रोकंट्रोलरला लावला आणि तोंडावर आपटलो.

झालं असं की सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजुषा होती. तीन गटांना तीन बटणं, जो आधी दाबेल त्याचा दिवा लागणार. बटणाचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं थेट पिनला, एवढंच मी केलं होतं. घरी टेबलावर वीतभर तारांवर ते चाललंही. मांडवात पाच-पाच मीटर तारा ओढल्या, कोणीतरी स्टँडचा पंखा सुरू केला आणि दुसऱ्या गटाचा दिवा आपोआप लागला. "अहो, पोरीनं बटणाला हातसुद्धा लावला नव्हता!" तिची आजी तावातावाने उठली. आजींचंच बरोबर होतं.

मोकळी पिन म्हणजे शून्य नव्हे. पिनच्या आत जवळजवळ काहीच करंट जात नाही, त्यामुळे तिला कुठेच बांधली नसेल तर ती हवेतलं काहीही उचलते. खात्री करायची असेल तर पिन २ ला एक वायर लावा, तिचं दुसरं टोक बोटांत धरा आणि पिन वाचून दिवा लावणारा प्रोग्रॅम चालवा. दिवा स्वतःच्या मर्जीने फडफडेल. घरातल्या वायरिंगमधल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट तुमच्या अंगातून तिथे पोचतो. एकदा हे डोळ्यांनी बघा, मग पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

उपाय असा. बटणाचं एक टोक पिन २ ला, दुसरं ग्राउंडला. ५ व्होल्टला नाही, ग्राउंडला. प्रोग्रॅममध्ये पिनमोड लिहिताना 'इनपुट' न लिहिता 'इनपुट पुलअप' (INPUT_PULLUP) लिहा. चिपमध्ये २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर आधीच बसवलेला आहे, तो पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. बटण दाबलं की पिन ग्राउंडला जाते. म्हणजे प्रोग्रॅमला सुटलेलं बटण 'हाय' (५ व्होल्ट) आणि दाबलेलं 'लो' (शून्य) दिसतं. हे उलटं वाटतं. पहिले दोन दिवस चुकाल, मग सवय होईल.

पिनपासून ग्राउंडला बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर लावून बटण ५ व्होल्टला जोडायला सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. चालतं तेही. पण लांब जाणारी ती ५ व्होल्टची तार कुठे सोलली आणि ग्राउंडला टेकली तर अख्ख्या बोर्डाचा सप्लाय बसतो. ग्राउंडची तार ग्राउंडला टेकली तर काहीच होत नाही. मला बटण ग्राउंडला जोडायची पद्धत का आवडते ते एवढ्यात आलं.

पाच मीटर तारेला मात्र आतला पुलअप कमजोर पडतो. तिथे पिन आणि ५ व्होल्ट यांच्यात बाहेरून १ किलोओहम लावा, पिन आणि ग्राउंड यांच्यात १०४ छापलेला छोटा कपॅसिटर टाका आणि बटणाच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. ऊनोऐवजी ईएसपी३२ हे दुसरं बोर्ड घेतलं असेल तर ३४ ते ३९ या पिनांना आत पुलअप नसतोच. कितीही वेळा लिहा, ऐकणार नाहीत. शिवाय ते बोर्ड ३.३ व्होल्टचं आहे, त्याच्या पिनला ५ व्होल्ट दाखवू नका.

टॅक्ट स्विचला चार पाय असतात, पण ते आतून दोन-दोन जोडलेले. चुकीची जोडी धरली तर बटण कायम दाबलेलंच दिसतं. मल्टीमीटर काढायचा कंटाळा असेल तर तिरपे समोरासमोरचे दोन पाय घ्या. चुकूच शकत नाही.

यानंतर लोक डीबाउन्सच्या, म्हणजे बटणाच्या उड्या गाळण्याच्या, मागे लागतात. बटणातली पत्ती टेकताना काही मिलिसेकंद उड्या मारते आणि एका दाबण्याची चार दाबणी मोजली जातात, हे खरं. पण प्रश्नमंजुषेच्या खोक्याला त्याची गरजच नाही. पहिला 'लो' दिसला की बाकीची बटणं बंद करायची, मग पत्ती किती का नाचेना. जिथे मोजायचं आहे, किंवा एकदा दाबलं की दिवा चालू आणि परत दाबलं की बंद असं हवं आहे, तिथे मात्र लागतं. स्थिती बदलली की 'मिलिस'ची (बोर्ड चालू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची) वेळ टिपा आणि ती ३० मिलिसेकंद तशीच टिकली तरच माना. आणि दिवा बदलायचा तो 'हाय'वरून 'लो' होण्याच्या क्षणी. नुसतं 'लो आहे का' असं विचारलंत तर बटण धरून ठेवेपर्यंत दिवा सेकंदाला हजारो वेळा बदलतो, आणि लोक दोष डीबाउन्सला देतात.

पिन ० आणि १ सोडून द्या, त्या कॉम्प्युटरशी बोलण्यात गुंतलेल्या असतात. एलईडीला २२० ओहम हवाच. बझर पिनवरून थेट चालवू नका, मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला आणि त्याच्या बेसला १ किलोओहम. २३० व्होल्टची घंटा जोडायची हौस असेल तर ती वायरमन शेजारी बसवूनच.

खोकं तयार झालं की ते स्वयंपाकघरात न्या, तारा पूर्ण लांबीच्या पसरा आणि शेजारी मिक्सर दहा वेळा चालू-बंद करा. एकही दिवा लागला नाही तर मांडवात न्यायला हरकत नाही.